एक किलो मीठ तुमच्या घरी किती दिवस पुरतं?

सावनी | २ जून, रात्री ९:४०

मागच्या महिन्यात आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नेलं होतं. डोळ्यात थेंब घालून झाले, हिरवा गाऊन चढवून झाला, आणि मग सिस्टरने बीपी घेतलं तर १७८/१०४. पंधरा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, १७२/१००. ऑपरेशन पुढे ढकललं आणि आम्ही रिक्षाने परत कोथरूडला.

आई ६७ वर्षांची. वजन ५४ किलो, रोज सकाळी टेकडीवर चालायला जाते, गोड फारसं खात नाही, गावातली कामं अजून स्वतः बसने जाऊन करते. "मला बीपी? काहीतरीच!" हेच तिचं पहिलं वाक्य. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि विचारलं, मीठ किती खाता? आई म्हणाली, "बेताचंच." मीही शेजारी बसून मान डोलावली.

घरी आल्यावर ते "बेताचंच" काही केल्या डोक्यातून जाईना. किराणा मी मोबाइलवरून मागवते, म्हणून जुन्या ऑर्डरी उघडून पाहिल्या. मिठाची एक किलोची पिशवी ९ एप्रिल, २ मे आणि २६ मे अशी आली होती. म्हणजे एक पिशवी जेमतेम २४ दिवस. घरात आम्ही चौघं: आई, मी, नवरा आणि पंधरा वर्षांचा मुलगा. १००० ग्रॅम भागिले ४ भागिले २४ म्हणजे माणशी दिवसाला १०.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. आम्ही त्याच्या दुप्पट खातोय, आणि यात बाहेरची मिसळ, फरसाण, लेकाच्या क्लासजवळचे नूडल्स धरलेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई आमटी करत असताना तिच्या हाताखाली वजनकाटा धरला. चार बोटांची चिमूट, मग उकळी आल्यावर चव घेऊन आणखी अर्धी. ११ ग्रॅम, फक्त आमटीत. भाजी, कणीक, भात, कोशिंबीर वेगळी.

तर दोन गोष्टी सांगा. तुमच्या घरी माणसं किती आणि पिशवी किती दिवस जाते? आणि मीठ कमी केलं असेल तर ते जमवलंत कसं? सहा जणांनी सहा उपाय सांगितले तरी चालतील.

---

निशिगंधा | २ जून, रात्री १०:०५

आत्ता जाऊन डबा बघून आले. दोघंच आहोत आणि महिन्याला पिशवी लागते! १६ ग्रॅम पडतं हे. काहीतरी चुकतंय का माझं गणित?

---

काटेकोर | २ जून, रात्री १०:४८

निशिगंधा, गणित बरोबर आहे, पण पिशवीतलं सगळं मीठ पोटात जात नाही. तुमच्याकडे या महिन्यात कैरीचं लोणचं घातलं का? ते मीठ वर्षभरात विभागलं जाणार. गुळण्या, भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून धुणं, बटाटे उकडतानाचं ओतून दिलेलं पाणी, तेही वजा करा. म्हणून लोणच्या-पापडाचा महिना सोडून द्यावा आणि लागोपाठ तीन पिशव्यांची सरासरी काढावी.

आमच्याकडे तिघं, पिशवी ४० दिवस. ८.३ ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे २०२३ मध्ये छापून आले, त्यात देशाची सरासरी ८ ग्रॅम होती, पुरुष ८.९ आणि बायका ७.१. तेव्हा आम्ही अगदी सरासरी कुटुंब.

पाकिटावर "मीठ" लिहिलेलं नसतं, "सोडियम" असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचं म्हणजे मीठ मिळतं. माझ्यासमोर नूडल्सचं पाकीट आहे. १०० ग्रॅमला ११६० मिलिग्रॅम सोडियम, पाकीट ७० ग्रॅमचं. म्हणजे ८१२ मिलिग्रॅम सोडियम, गुणिले अडीच, दोन ग्रॅम मीठ. एका वाडग्यात दिवसाच्या वाट्याचं चाळीस टक्के. आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की "एका वाढपाचा", हे बघायला विसरू नका. तिथे भले भले फसतात.

---

पेठकर | ३ जून, सकाळी ७:१२

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आमचे आजोबा शनिवार पेठेत राहायचे, ९१ वर्षं जगले. ताटात दोन्ही वेळा लोणचं, पापड, ताकात मीठ. गोळी कसली ती आयुष्यात घेतली नाही. आधी तूप वाईट ठरलं, मग खोबरं, मग अंडं. सगळे परत चांगले झाले. उद्या मीठही होईल. मीठ फार कमी केलं तर उलट अपाय होतो, असं सांगणारे मोठे अभ्यासही आहेत. दोन्ही बाजू यायला हव्यात.

---

दर्यावर्दी | ३ जून, सकाळी ९:३०

आम्ही शिरोड्याचे. १९३० साली आमच्या गावच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, माझ्या पणजोबांनी त्यात लाठ्या खाल्ल्या. गरिबाच्या भाकरीसोबत मिठाचा खडाच असायचा, म्हणून त्यावरचा कर एवढा झोंबला. मिठाबद्दल वाईट ऐकलं की घरातल्या म्हाताऱ्यांना अजूनही लागतं. पण तेव्हाचा माणूस दिवसभर उन्हात घाम गाळायचा, आणि मी हिंजवडीत वातानुकूलित खोलीत बसून सुकट खातो.

सुक्या मासळीबद्दल: सोडे, बोंबील गरम पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकून द्या, आणखी एकदा धुवा, आणि कालवणात वेगळं मीठ घालूच नका. आईने हे सुरू केल्यापासून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

---

स्पंदन | ३ जून, दुपारी ३:२०

मी फिजिशियन आहे, हडपसर भागात. जरा सविस्तर लिहितो.

मिठाने बीपी का वाढतं? रक्तात सोडियम वाढलं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. तहान लागते ती त्यामुळेच. पाणी वाढलं की रक्ताचं आकारमान वाढतं. मूत्रपिंडं जादा मीठ बाहेर टाकायला बसलेलीच असतात, पण काहींची हे काम फक्त जास्त दाबाखालीच नीट करतात. वयानुसार, आनुवंशिकतेने आणि मूत्रपिंडाच्या आजाराने ही संवेदनशीलता वाढते. वर्षानुवर्षं असं चाललं की रोहिण्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. म्हणून सावनीताईंच्या आईंसारखी सडपातळ, चालणारी बाईसुद्धा साठीनंतर १७८ वर सापडते. "मी बारीक आहे, मला नाही होणार" हे रोज ऐकतो.

पेठकर, तुम्ही म्हणता तो वाद खराच आहे. २०१४ मध्ये प्युअर नावाच्या मोठ्या अभ्यासात अगदी कमी सोडियम खाणाऱ्यांनाही धोका जास्त दिसला. त्यावर मुख्य आक्षेप मोजणीचा. सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून दिवसाचं मीठ ताडलं होतं. खरी मोजणी म्हणजे २४ तासांची लघवी गोळा करणं. शिवाय आजारी माणूस जेवतोच कमी, त्यामुळे त्याचं मीठ आपोआप कमी दिसतं. याउलट, माणसांना वेगवेगळं मीठ देऊन पाहिलेले प्रयोग आहेत. अमेरिकेत २००१ साली डॅश-सोडियम प्रयोगात त्याच लोकांना मिठाच्या तीन पातळ्यांवर जेवायला घातलं. मीठ उतरलं तसं बीपी पायरीपायरीने उतरलं, आणि ज्यांचं आधीच वाढलेलं होतं त्यांचं जास्त. चीनमध्ये ६०० खेड्यांत साधारण २१ हजार लोकांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. पाचएक वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. हे २०२१ साली छापून आलं.

आता खरी अपेक्षा किती ठेवायची? बीपी असलेल्याने दिवसाचं चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी केलं तर वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो. १७८ चे १३० नुसतं मीठ सोडून होणार नाहीत. गोळी घ्यावीच लागेल. मीठ कमी केलं म्हणून गोळी बंद करू नका, आणि गोळी चालू आहे म्हणून पापड वाढवू नका.

---

टेकडीवाला | ३ जून, रात्री ११:५५

स्पंदन यांच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय, नाहीतर वाचूनच गेलो असतो.

माझ्या वडिलांना बीपी होतं, गोळीने १३०/८० वर आलं. त्यांनी ठरवलं की बरं झालं. आम्हाला न सांगता गोळी सोडली. त्यांना डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती, तळजाईच्या टेकडीवर माझ्यापुढे चालायचे. सात महिन्यांनी एका गुरुवारी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला. बशी फुटली तरी ते हाताकडेच बघत राहिले. मी "काय झालं बाबा?" विचारलं तर शब्द फुटेना. पित्त असेल, जरा पडू द्या, असं घरात कुणीतरी म्हणालं, आणि त्यात दोन तास गेले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला हॉस्पिटलच्या दारात कळलं.

आज ते चालतात, पण उजव्या हाताने सही येत नाही. बँकेत अंगठा देताना माझ्याकडे बघत नाहीत. गोळ्यांचा डबा आता सोमवार ते रविवार असा कप्प्यांचा आहे आणि रात्री मी तो बघतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी चहा-पाणी करत बसू नका. लगेच निघा.

---

निशिगंधा | ४ जून, सकाळी ८:०१

टेकडीवाला, वाचून पोटात खड्डा पडला. बाबांना नमस्कार सांगा.

---

सहकारनगरची_आजी | ४ जून, सकाळी ११:२६

मी ७४ वर्षांची आहे, नातीने खातं उघडून दिलंय. आमच्या लहानपणी पंगतीत पानावर पहिलं मीठ वाढायचे, डाव्या हाताला, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. ते मीठ कशासाठी? ज्याला कमी वाटेल त्याने घ्यावं यासाठी! म्हणजे स्वयंपाक बेताच्या मिठाचा करायची रीत होती. आता पदार्थ आधीच खारट आणि वरून टेबलावर मिठाची बाटली.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मी घरात वरचं मीठ बंद केलं. पहिले पंधरा दिवस हे जेवताना पान बाजूला सारायचे. मी आमसूल, लिंबू, ओलं खोबरं, लसणीची फोडणी वाढवली. दाण्याचं कूट घातलं की भाजीचा अळणीपणा लपतो. भाकरीच्या पिठात तर मीठ घालायची गरजच नसते, आणि कणकेतलंही बंद केलं, पोळी भाजीबरोबरच खायची असते. दोन महिन्यांनी मुलाकडे जेवायला गेलो तर हे स्वतःच म्हणाले, "खारट झालंय ग." नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, आमच्याकडे पन्नास वर्षांच्या संसारानंतर आवडतीचं अळणी झालं.

एक विचारायचं आहे. शेजारीण म्हणते साधं मीठ सोडा, सैंधव वापरा, त्याने बीपी होत नाही. खरं का हो डॉक्टर?

---

स्पंदन | ४ जून, रात्री ९:१५

आजी, तुम्ही जे केलंत ते पुस्तकात लिहून ठेवण्यासारखं आहे. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, तुम्ही अचूक तेवढेच दिलेत.

सैंधव, शेंदेलोण, गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीच्या दृष्टीने फरक नाही. उलट बहुतेक सैंधवात आयोडीन नसतं. गलगंडाविरुद्ध आपल्याकडे १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, तो मिठातल्या आयोडीनवरच उभा आहे. तेव्हा मीठ आयोडीनचंच, पण कमी.

दुकानात मिळणाऱ्या "कमी सोडियम" मिठाबद्दल मात्र सावध राहा. त्यात पोटॅशियम असतं. ज्यांची मूत्रपिंडं ठीक आहेत त्यांना ते चांगलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा "प्रिल"ने संपणाऱ्या, "सार्टन"ने संपणाऱ्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, हृदयाचे ठोके बिघडतात. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. आणि अनेक घरांत एकच डबा सगळ्यांसाठी असतो, हे लक्षात घ्या.

लपलेलं सोडियम आणखी सांगतो: पापडखार, खाण्याचा सोडा, अजिनोमोटो, पाण्यात फसफसणाऱ्या पित्ताच्या पुड्या. आणि गुडघेदुखीला रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही बीपी वाढवतात, मीठ न खाता.

---

अन्नपूर्णा_डबे | ६ जून, दुपारी ४:०२

कर्वेनगरात माझा डब्यांचा व्यवसाय आहे. रोज साठ डबे जातात, बरेचसे विद्यार्थी आणि काही एकटे राहणारे ज्येष्ठ. हा धागा वाचून आज दुपारी भांडी घासायच्या आधी मीठ मोजलं.

आमच्याकडे मीठ मोजून घालायची पद्धत नव्हती. माझ्या मदतनीस ताई मूठ भरून घालतात आणि पळीतलं तळहातावर घेऊन चाखतात. उन्हाळ्यात त्या स्वतः घामाघूम असतात, मग त्यांना कमी वाटतं आणि आणखी चिमूट पडते. हे माझ्या आजच लक्षात आलं. सकाळच्या साठ डब्यांना भाजी, आमटी, भात, कणीक, कोशिंबीर धरून ३३० ग्रॅम गेलं. म्हणजे एका डब्यात साडेपाच ग्रॅम. एका वेळच्या जेवणात! आणि मुलं संध्याकाळी बाहेर वडापाव खातात.

मला फार वाईट वाटलं. लोक "घरचं जेवण" म्हणून माझ्याकडे येतात. पण एकदम कमी केलं तर दुसऱ्या दिवशी दहा फोन येतील आणि आठवड्याने पाच डबे सुटतील. धंद्यात हे खरंच अवघड आहे. काय करू?

---

काटेकोर | ६ जून, संध्याकाळी ७:३३

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ब्रिटनने देऊन ठेवलंय. तिथे लोकांच्या पोटात जाणारं बरंचसं मीठ ब्रेड, चीज, तयार पदार्थांतून यायचं. २००३ च्या सुमारास सरकारने पदार्थागणिक मिठाची लक्ष्यं ठरवली आणि कारखान्यांना थोडंथोडं कमी करायला लावलं. ब्रेडमधलं मीठ दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटलं आणि ग्राहकाच्या जिभेला पत्ता लागला नाही. देशाची सरासरी ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आली.

फिनलंड त्याच्याही आधीचा. उत्तर करेलिया भागात १९७२ पासून काम सुरू झालं. मिठाबरोबर लोणी आणि सिगारेटही घटली, भाज्या वाढल्या, त्यामुळे सगळं श्रेय मिठाला देता येत नाही. पण तीस वर्षांत तिथले पक्षाघाताचे मृत्यू जवळपास पाऊण हिश्शाने उतरले.

आपली अडचण वेगळी. आपलं बहुतेक मीठ अजून स्वयंपाकघरातूनच येतं, कारखान्यातून नाही. म्हणून आपल्याकडे तुमच्यासारख्या साठ डब्यांच्या बाईच्या हातात खरी सत्ता आहे. पंधरा दिवसांनी दहा टक्के कमी करत जा. मात्र आधी मूठ बंद करून मापाचा चमचा आणा.

---

पेठकर | ६ जून, रात्री १०:१०

काटेकोर, मग पाकीटबंद मालाचं काय? गृहिणी आणि डबेवाल्यांनाच सगळे सल्ले. पोरं सकाळ-संध्याकाळ वेफर्स खातात. त्यांच्यावर कुणी बोलत नाही.

---

काटेकोर | ६ जून, रात्री १०:४१

इथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. चिलीने २०१६ मध्ये जास्त मीठ, साखर, चरबीच्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. लहान पोरालाही कळतो. आपल्याकडे २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. मला ताऱ्यांची कल्पनाच पटत नाही. खारट वेफर्सना दीड तारा म्हणजे तरी दीड बक्षीस. इशारा हवा, तोही समोर, मोठ्या अक्षरांत, मराठीत.

---

दर्यावर्दी | ७ जून, सकाळी ८:२०

+१. आणि फर्ग्युसन रस्त्यावर पेरूच्या फोडींवर तिखट-मीठ लावून देतात, तेव्हा "मीठ नको, नुसतं तिखट" म्हणून बघा. पेरूवाला आधी दचकतो, मग देतो. गोडसर पेरूला तेवढं पुरतं.

---

वाटसरू | २३ जून, रात्री ११:३०

पालख्यांचा पुण्यातला मुक्काम काल संपला. नाना पेठेत आमच्या मंडळाने बीपी तपासायचं टेबल लावलं होतं, त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

दोन दिवस मी पट्टा बांधायला बसलो होतो. चालून आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं खुर्चीत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. या पाच मिनिटांनीच कितीतरी आकडे दहा-पंधराने उतरायचे. तरीही १४०/९० च्या वर बरेच निघाले. मराठवाड्यातून आलेल्या एक मावशी, डोक्यावर तुळस, १८६/११०. मी सांगितलं तर म्हणाल्या, "डोस्कं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मंग बीपी कसं आसंल?" त्यांना समजावता समजावता दिंडीचा पुकारा झाला. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, त्यांच्याबरोबरच्या मुलाला पुढच्या मुक्कामी फिरत्या दवाखान्यात नेण्याची शपथ घातली. मावशींनी चिठ्ठी हरिपाठाच्या पुस्तकात ठेवली.

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात हे त्यांना माहीत नव्हतं. २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. गोळी गावापर्यंत पोचलीय, बातमी पोचवायला आपण कमी पडतोय.

आणखी एक. वाटेवर जागोजागी लोक प्रेमाने चिवडा, फरसाण, शेव वाटतात. पुढच्या वर्षी आम्ही केळी आणि उकडलेले शेंगदाणे ठेवणार आहोत.

---

स्पंदन | २४ जून, सकाळी ७:४५

वाटसरू, फार मोलाचं काम. फक्त एक: दिवसभर उन्हात चालून घाम गाळणाऱ्याला मीठ-पाणी लागतंच, त्याला थोडं मीठ घातलेलं ताक द्यायला हरकत नाही. पाच ग्रॅमचा हिशोब तुमच्या-माझ्यासारख्या बैठ्या माणसाचा.

---

पेठकर | २९ जून, सकाळी ९:०५

वाटसरूंनी लिहिलं तसं पाच मिनिटं बसून, चहाच्या आधी, दंडावर पट्टा बांधून सलग चार दिवस घरी मोजलं. सरासरी १५२/९४. माझं वय ५१. काल डॉक्टरकडे जाऊन आलो.

आजोबा ९१ वर्षं जगले हे खरंच आहे. पण काल आईने सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ ५६ व्या वर्षी झोपेत गेला, आणि त्यांच्या बहिणीला पक्षाघात झाला होता. घरात गोष्ट फक्त ९१ वाल्यांची सांगतात. मोठ्या अभ्यासांबद्दल अजून शंका आहेत, त्या स्पंदन यांना विचारत राहीन. लोणचं सध्या जेवणाच्या टेबलावरून उचलून फडताळात ठेवलंय.

---

टेकडीवाला | २९ जून, सकाळी ९:४०

पेठकर काका, मोजलंत आणि इथे लिहिलंत याबद्दल मनापासून धन्यवाद. गोळी सुरू झाली तर सोडू नका.

---

अन्नपूर्णा_डबे | ९ ऑगस्ट, दुपारी ३:५०

दोन महिन्यांचा हिशोब देते. मापाचा चमचा आणला, मिठाच्या डब्यात दोरीने बांधला. ३३० वरून ३००, २७०, आणि आता रोज २४० ग्रॅम. डब्याला चार ग्रॅम. कणकेतलं मीठ पूर्ण काढलं, त्यातच मोठी बचत झाली. आमटीत मीठ शेवटी घालतो, मग कमी घातलं तरी जिभेला पोचतं.

तक्रारी तीन आल्या. दोघांना लिंबाची फोड जास्त देते. तिसरा मुलगा दुसरीकडे गेला, त्याचं वाईट वाटतं. पण एका आजोबांनी परवा फोन करून सांगितलं की हल्ली रात्री तहान लागून उठावं लागत नाही. मूठभर मीठ घालणाऱ्या माझ्या ताईंनी स्वतःचंही बीपी तपासून घेतलं, तेही वाढलेलं निघालं. त्यांना मी दवाखान्यात घेऊन गेले.

अजून कमी करायचंय, पण पावसाळ्यात पोरांना चमचमीत लागतं, म्हणून दिवाळीनंतर पुढचा टप्पा.

---

सावनी | २५ ऑगस्ट, रात्री १०:१५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, आईच्या गडबडीत होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. गोळी रोज, सकाळी देवाला दिवा लावला की लगेच. गेल्या पंधरवड्याची सरासरी १३४/८२. किती गोळीचं आणि किती मिठाचं हे वेगळं काढता येणार नाही, स्पंदन म्हणाले तसं दोन्ही हवंच.

आता मूळ प्रश्न. मी डब्याच्या झाकणावर स्केचपेनने तारीख लिहायला लागले. जूनमधे उघडलेली पिशवी ३८ दिवस गेली, म्हणजे ६.६ ग्रॅम. तेव्हा आईला आमटी रोज फिकी लागायची, चिडायची, एकदा माझ्या पाठीमागे चिमूट टाकताना सापडली. सहकारनगरच्या आजींचा आमसुलाचा उपाय त्या दिवशी वाचून दाखवला. "तिचं ऐकते, ती माझ्यापेक्षा मोठी आहे," म्हणाली, आणि खरंच ऐकलं. आजी, तुम्हाला तिचा नमस्कार.

लेकाचं बाहेरचं खाणं या हिशोबात नाही, ते अजून जमलेलं नाही. नूडल्स आठवड्यातून एकदा आणि मसाल्याची पुडी अर्धीच, एवढ्यावर तह झालाय.

आत्ताची पिशवी ११ जुलैला उघडली. आज ४६ वा दिवस. डब्यात अजून दोन बोटं मीठ आहे. संपली की तारीख टाकते.

---

निशिगंधा | २५ ऑगस्ट, रात्री १०:३२

आमची महिन्यावरून ५२ दिवसांवर गेली. दोघांत ९.६ पडतंय, अजून बरंच जायचंय. काटेकोर, गुळण्यांचं किती वजा करू?